अंगणातली चार जुनी झाडे : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर. मोजणी

चार झाडे, चारही पन्नाशीच्या पुढची. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतला. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. व्यासाची बारा पट हे खोडापासूनचे अंतर धरून वर्तुळ काढायचे आणि त्यातली जमीन झाडाची मानायची. तिथे खोदकाम, भराव, गाडी, सिमेंटचा माल काहीही नको.

आंबा : घेर २.८ मी, व्यास ८९ सेंमी, वर्तुळ १०.७ मी.
कडुनिंब : घेर २.२ मी, व्यास ७० सेंमी, वर्तुळ ८.४ मी.
विलायती शिरीष : घेर ३.५ मी, व्यास १११ सेंमी, वर्तुळ १३.४ मी.
गुलमोहर : घेर १.९ मी, व्यास ६० सेंमी, वर्तुळ ७.३ मी.

एकाही झाडाचे वर्तुळ अंगणात पूर्ण मावत नाही. शिरीषाचे निम्मे वर्तुळ पेव्हर ब्लॉकखाली आणि गाड्या लावायच्या जागेखाली आहे. मालकांची मागणी एकच होती : ‘वरून हलकी करून द्या.’ पाहणीनंतर कामाचा क्रम उलटा ठरवला. आधी जमीन, मग बुंधा, मग वरचा पसारा. मुळे गुदमरलेली असताना पाने कापली की झाडाचे अन्न दोन्ही बाजूंनी तुटते, आणि जुन्या झाडाकडे ते भरून काढण्याइतकी शिल्लक नसते.

१० नोव्हेंबर. सळईची चाचणी

८ मिमीची सळई, हाताच्या जोराने, पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर दोन दिवसांनी. कोरड्या जमिनीत ही चाचणी फसवते. आंब्याखाली सळई २५ ते ३० सेंमी गेली. कडुनिंबाच्या वाफ्याबाहेर १५. शिरीषाखाली पेव्हरच्या कडेला ४ सेंमी, पुढे हलेना. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या ३० सेंमीत असतात, त्यामुळे चार सेंमी म्हणजे मुळांना घरच नाही. त्याच जागी बादलीभर पाणी ओतले. निम्मे वाहून गेले, उरलेले २० मिनिटे तसेच उभे होते.

१६ नोव्हेंबर. गुलमोहर, बुंधा तपासणी

पश्चिमेच्या बाजूला जमिनीलगत गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची तीन छत्रे. वरून तपकिरी आणि चकचकीत, कडेला पांढरी रेघ. पांढरी कड म्हणजे बुरशी अजून वाढते आहे. छत्र काढून टाकल्याने काही साधत नाही. ते फळ आहे, खरी बुरशी आत लाकडात आणि मुळांत पसरलेली असते. तरी छत्रे मोजून, फोटो काढून, जागा खुणेने नोंदवली.

लाकडी मोगरीने बुंधा दर १५ सेंमीवर ठोकला. उत्तर आणि पूर्वेला टणक आवाज, पश्चिम आणि दक्षिणेला ढोलासारखा. मग सुईयंत्राने (३ मिमी टोकाची लांब सुई लाकडात शिरताना विरोधाचा आलेख काढते) २० सेंमी उंचीवर चार दिशांनी मोजले. घट्ट लाकडाची जाडी : उत्तर १२, पूर्व १०, दक्षिण ५, पश्चिम ४ सेंमी.

सालीखालची त्रिज्या सुमारे २९ सेंमी. झाडांच्या मजबुतीचा अभ्यास करणारे जर्मन तज्ज्ञ क्लाउस मॅटहेक यांचा आडाखा असा की घट्ट भिंतीची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट असावी, म्हणजे इथे जवळपास ९ सेंमी. दोन बाजूंना ती निम्म्यावर आली आहे. आडाखा बंद पोकळीसाठी आहे. उघडी ढोली, तडा किंवा कुजलेली मुळे असतील तर तो जेवढा धीर देतो तेवढाही धरू नये.

निर्णायक गोष्ट आकड्यात नव्हती. झाड पश्चिमेला कललेले, आणि पूर्वेला बुंध्यापासून सव्वा मीटरवर जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग. जुना कल असेल तर शेंडा वळून पुन्हा उभा वाढलेला दिसतो. इथे शेंडाही सरळ कललेला होता, म्हणजे कल ताजा. झाडाच्या पडण्याच्या रेषेत व्हरांडा आहे. पडण्याच्या रेषेत माणूस किंवा घर नसते, तर फक्त भार कमी करून झाड ठेवता आले असते. दोरी लावून परिसर बंद केला, परवानगीचा अर्ज त्याच दिवशी दिला.

२४ नोव्हेंबर. कडुनिंब, माती उतरवणे

खोडाभोवती विटांचा गोल वाफा, आत ३५ सेंमी मातीचा भराव. बुंधा मातीत खांबासारखा सरळ शिरत होता. निरोगी जुन्या झाडाचा बुंधा जमिनीपाशी घागऱ्यासारखा पसरतो. तो घेर दिसत नसेल तर भराव टाकलेला आहे असे समजून उकरून पाहावे. मातीखालची साल सतत ओली राहते, श्वास घेत नाही आणि सडते. मुळांनाही हवा कमी पडते, कारण त्यांच्या डोक्यावर अचानक दुसरा मजला चढलेला असतो.

काम बाहेरून आत केले. पहिली २५ सेंमी माती खुरपे आणि घमेल्याने. शेवटची १० सेंमी बोटांनी आणि रंगाच्या जुन्या कुंच्याने. कुदळ वापरली नाही, सालीवर एक घाव बसला तरी केलेल्या कामावर पाणी पडते.

सापडले ते असे :
भरावात फुटलेली नवी बारीक मुळे, भरपूर.
सालीचा काळपट, मऊ पट्टा, घेराच्या साधारण चौथाई भागात. नखाने खरवडल्यावर खाली हिरवे दिसले, म्हणजे वाचण्यासारखे.
दोन गळफास मुळे. एक ६ सेंमी जाडीचे, बुंध्याच्या पाचव्या हिश्शावर आवळलेले. दुसरे ४ सेंमी, नुकते टेकलेले.

जाड मूळ आज तोडले. पटाशी आणि मोगरीने दोन्ही टोकांना छेद दिला, बुंध्यात रुतलेला मधला तुकडा तसाच ठेवला. तो उपटायला गेले की सालही सुटते. दुसरे मूळ वर्षभर थांबेल. भरावातली नवी मुळेही निम्मीच काढली. झाड सध्या त्यांच्यावर काही प्रमाणात जगते आहे. उघडी पडलेली मुळे काम चालू असेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली. तंतुमुळे उन्हात काही मिनिटांतच वाळतात.

वाफा पुन्हा बांधायचा नाही. फुलझाडे कुंड्यांत.

२५ नोव्हेंबर

कडुनिंबालाच कपडे वाळत घालायची तार, खोडात गिळलेली. दोन्ही बाजूंनी सालीलगत कापली, आतला भाग खणून काढला नाही. खिळे अकरा. सहज निघाले ते चार काढले, बाकी तसेच. झाडाने ज्याला कोंडून टाकले आहे ते उकरणे म्हणजे जुनी जखम उघडणे.

यामागचे तत्त्व अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये मांडले. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली होती. झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो वेगळा पाडते. खोडाच्या उभ्या दिशेतली भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कूज वर-खाली लांबवर जाते. जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाची भिंत सर्वांत पक्की. म्हणून ढोली खरवडून ‘स्वच्छ’ करू नये, पाणी निघावे म्हणून भोक पाडू नये, सिमेंट भरू नये. तिन्हींत तीच पक्की भिंत फुटते. सिमेंट तर झाड डोलताना आतून घासतही राहते. ढोलीतले पाणी दिसायला वाईट, पण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि पाण्याने तुडुंब भरलेल्या लाकडात तिला ती मिळत नाही.

१४ डिसेंबर. गुलमोहर उतरवला

त्याआधी दोन दिवस संध्याकाळी ढोलीवर नजर ठेवली. वस्ती नव्हती. असती तर तारीख पुढे गेली असती, परवानगी हातात असली तरी. वरून खाली तुकड्यांनी, दोरीने. जमिनीलगत चिरल्यावर दक्षिण-पश्चिमेला घट्ट लाकूड ३ ते ५ सेंमी, म्हणजे सुईयंत्र बरोबर होते.

ढोलीचा दोन मीटरचा ठोकळा पक्ष्यांसाठी ठेवता आला असता. ठेवला नाही, कारण गॅनोडर्मा मुळांच्या स्पर्शातून शेजारच्या झाडात जाऊ शकतो आणि कडुनिंब ९ मीटरवर आहे. खुंट ४० सेंमी खोलीपर्यंत हाताने काढला, जाड मुळे जितकी निघाली तितकी. या लाकडाचा भुगा आच्छादनासाठी वापरायचा नाही. करवती आणि पटाश्या पुसून स्पिरिटने धुतल्या.

६ ते ११ जानेवारी. शिरीष, पेव्हर काढणे

खोडापासून अडीच मीटर त्रिज्येतले सगळे पेव्हर काढले. साधारण साडेअठरा चौरस मीटर. यंत्र नाही, फक्त पहार आणि हात. पेव्हर ६० मिमी, त्याखाली वाळू ३० मिमी, त्याखाली दाबलेली खडी-माती १२० मिमी. खडी एका वेळी पाच सेंमीच्या थराने सैल केली.

अपेक्षेप्रमाणे वाळू आणि खडी यांच्या सांध्यात मुळांची जाळी होती. पेव्हरच्या खालच्या बाजूला ओलावा धरतो, तिथेच थोडी हवा असते, म्हणून मुळे तिथे जमतात आणि जाड होत गेली की फरशी उचलतात. अशी मुळे ‘छाटून’ फरशी सपाट करणे ही अंगणातल्या जुन्या झाडांना मारण्याची सर्वांत नेहमीची पद्धत. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागते. तोवर फरशीचे काम कोणाच्या लक्षातही राहत नाही. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत (इथे ३.३ मी) एकही आधारमूळ कापायचे नाही, ही अट लिहून दिली.

दोन ठिकाणी वाट मुळावरूनच न्यावी लागली. तिथे मूळ न कापता वाटेची पातळी ८ सेंमीने उचलली, दोन्ही बाजूंना उतार दिला.

१८ जानेवारी. शिरीष, आरेचर

चाकाच्या आऱ्यांसारखे आठ चर. सुरुवात खोडापासून ३.५ मीटरवर, प्रत्येकी ३ मी लांब, २० सेंमी रुंद, २५ सेंमी खोल. कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोताने माती उडवली, अडीच सेंमीहून जाड मुळे जागच्या जागी राहिली. झोत नसेल तर काटेरी फावडे आणि धीर. पाण्याच्या जोराने माती काढली तर चिखल होऊन पुन्हा घट्ट बसते. चर आडवा, म्हणजे झाडाभोवती गोल कधीच खणू नये. आऱ्याच्या दिशेचा चर मुळांना समांतर जातो, गोल चर सगळ्यांना तोडतो.

आठ चरांची माती १.२ घनमीटर. त्यात एक चतुर्थांश कंपोस्ट : ३०० लिटर, १५ लिटरची वीस घमेली. पूर्ण कुजलेलेच. अर्धकच्चे शेणखत किंवा पाला मातीतला नत्र ओढून घेतो आणि तापतो. युरिया वगैरे काही नाही. नत्राने कोवळी फूट भसाभस येते, तिच्यावर रस शोषणारे किडे येतात, आणि झाडाची साठवलेली ताकद नको त्या कामात जाते.

२० जानेवारी. आच्छादन आणि पाणी

तिन्ही झाडांना लाकडी चिप्स आणि पाला, ८ सेंमी जाड, ३ मीटर त्रिज्येपर्यंत (शिरीषाला मोकळ्या केलेल्या अडीच मीटरपर्यंत). खोडाभोवती १५ सेंमी रिकामी कड. ३ मीटरच्या वर्तुळाला सव्वादोन घनमीटर माल लागतो.

पाण्याचा हिशेब : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. २८ चौरस मीटरला २५ मिमी द्यायचे तर ७०० लिटर. नळीचा वेग बादलीने मोजला : १५ लिटर ४५ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला २० लिटर, म्हणजे ३५ मिनिटे. घट्ट जमिनीत हे एका दमात जिरत नाही, तीन हप्त्यांत द्यावे. उन्हाळ्यात दहा दिवसांतून एकदा, आधी १५ सेंमी खोल उकरून माती मुठीत दाबून पाहायची. गोळा होत असेल तर पाणी नको. रोज थोडे शिंपडणे निरुपयोगी, मुळे वरच अडकतात.

२ फेब्रुवारी. आंबा, बांडगूळ आणि वाळकी लाकडे

बांडगुळाचे नऊ झुपके. त्याचे शोषक फांदीच्या आत लांबवर जातात, म्हणून लहान फांद्यांवरचे सात झुपके जोडाच्या ३० सेंमी खालून फांदीसकट कापले. दोन झुपके मुख्य फांदीवर. तिथे फांदी घालवण्यापेक्षा बांडगूळ सालीलगत खरडून त्यावर काळे प्लास्टिक घट्ट न आवळता गुंडाळले, उजेड बंद. दर चार महिन्यांनी नवी फूट पाहायची.

वाळकी फांदी : साल खरवडली, खाली हिरवे नाही, तर मेलेली. अशा फांदीच्या मुळाशी झाडाने जिवंत लाकडाची कड चढवलेली असते. करवत त्या कडेबाहेर थांबवायची, खुंटी लांब दिसली तरी चालेल.

जिवंत फांदीला तीन छेद. फांदीच्या मुळापासून ३० सेंमीवर खालून पाव ते तृतीयांश खोल. त्याहून ३ सेंमी बाहेर वरून आरपार, फांदी पडते. मग उरलेला खुंट फुगीर गळ्याच्या (कॉलरच्या) लगेच बाहेर. पहिला छेद वगळला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली येते. छेदावर डांबर, रंग, पेस्ट काही नाही. लेपाखाली ओल राहते आणि कूज थांबत नाही.

आजची चूक : दक्षिणेची एक १४ सेंमीची फांदी गळ्यासकट खोडाशी सपाट कापली गेली. खूण केली नव्हती, हे कारण. यापुढे प्रत्येक छेदाची रेघ खडूने जमिनीवरचा माणूस नव्हे, वर चढलेलाच काढेल. जखमेचा फोटो ‘आं-५’ नावाने ठेवला.

९ फेब्रुवारी. शिरीष, बेचके आणि दोर

चार मीटर उंचीवर दोन जवळपास सारख्या जाडीचे सोट, बेचके इंग्रजी व्ही अक्षरासारखे अरुंद, मध्ये साल दबलेली. दबलेली साल म्हणजे तिथे लाकूड लाकडाला जुळलेलेच नाही. बेचक्यापासून शेंडा १२ मी, त्याच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे जमिनीपासून १२ मीटरवर विणीचा लवचिक दोर बसवला, रुंद पट्ट्यासह. किंचित ढील ठेवली. पूर्ण ताणलेल्या दोरात सोट डोलत नाहीत, आणि न डोलणारे लाकूड जाड होत नाही. पानगळीत बसवताना ढील थोडी जास्त हवी, पालवीच्या वजनाने सोट बाहेर झुकतात. दोरावर बसवल्याची तारीख. उत्पादकाने दिलेल्या मुदतीनंतर तो बदलायचा, दिसायला धड असला तरी.

आडव्या लांब फांद्या टोकाकडून दीड ते दोन मीटर कमी केल्या, प्रत्येक छेद कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या उपफांदीपाशी. एकूण पानोळा ८ टक्क्यांहून जास्त गेला नाही. तरुण झाडाला पाव भागापर्यंत चालते, म्हाताऱ्याला ते परवडत नाही. १० सेंमीहून जाड जिवंत छेद एकही नाही. आतल्या बारीक फांद्या ‘मोकळे दिसावे’ म्हणून काढल्या नाहीत. त्या गेल्या की सारा भार टोकाला जाऊन फांदी शेपटासारखी हेलकावते आणि मोडते. खोडावरची खालची फूटही ठेवली. पुढे शेंडा मागे हटेल तेव्हा झाड त्याच फुटीवर उभे राहील. चढताना बुटाला खिळे नाहीत.

३ मार्च. आंबा, भिरूड (खोड पोखरणारी अळी)

खोडावर दीड मीटर उंचीवर ओला भुसा आणि डिंक. सर्वांत ताजे भोक चाकूने थोडे रुंद केले, आकडा केलेली सायकलची तार आत घालून अळी ओढली. तीन भोकांतून दोन अळ्या. तिसऱ्यात तार वळणावर अडली. तिन्ही ओल्या चिकणमातीने लिंपली. लिंपण औषध नाही, ती खूण आहे : चार-पाच दिवसांत ढकलले गेले आणि ताजा भुसा आला तर अळी जिवंत.

८ मार्च

तिसरे लिंपण फुटले. पुन्हा तार, या वेळी अळी निघाली.

२१ एप्रिल

आच्छादन झाडलोटीत खोडाशी ढिगासारखे साचले होते, आंब्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या. नळ्या ब्रशने झाडल्या, साल पाहिली. वाळवी मेलेली साल खात होती, जिवंत भागाला इजा नाही. आच्छादन मागे ओढले. झाडणाऱ्यांसाठी १५ सेंमीच्या कडेवर विटांची सुटी रेघ.

शिरीषाची ठिबक नळी खोडाला वेढा देऊन होती. खोडाशी शोषणारी मुळे फारशी नसतात. नळी तीन मीटरपलीकडे हलवली.

१९ जुलै

मोठ्या पावसानंतर पाहणी. आठही चर ५ सेंमी खचले, त्याच मिश्रणाने भरले. पाणी तळे करून राहत नाही. आच्छादनात लहान छत्र्या, त्या फक्त चिप्स कुजवतात, काळजी नाही. बुंध्यालगत किंवा मुळावर आलेली कठीण छत्रेच नोंदवायची. कडुनिंबाचा उघडा घेर कोरडा झाला, काळा पट्टा वाढलेला नाही.

२३ नोव्हेंबर. वर्षाची तपासणी

कडुनिंब : ठरलेल्या दहा डहाळ्यांची वर्षभराची वाढ सरासरी १४ सेंमी, आधीच्या वर्षीची त्याच डहाळ्यांवर ६. दुसरे गळफास मूळ आज तोडले, भरावातली उरलेली मुळेही.

शिरीष : सळई चरांत २५ सेंमी, चरांच्या मधल्या जागेत ११. पुढच्या जानेवारीत मधल्या जागेत आणखी आठ चर. दोराची ढील तशीच.

आंबा : योग्य छेदांभोवती नव्या लाकडाची कडी पूर्ण गोल. ‘आं-५’ जखमेला फक्त दोन्ही बाजूंनी ओठ फुटले आहेत, वर आणि खाली काही नाही. गळा कापला गेल्याची हीच खूण. जखम तीच राहील, तिथल्या खोडावर दर सहा महिन्यांनी मोगरीने ठोकून पाहायचे. बांडगुळाच्या प्लास्टिकखाली एका जागी फूट, खरडून पुन्हा झाकली. भिरूड नाही.

आच्छादन ८ चे ४ सेंमी झाले, प्रत्येक झाडाला वरून चार सेंमी. गुलमोहराची जागा अजून रिकामी. काढलेल्या खुंटाच्या जागेजवळ गॅनोडर्माचे एक छोटे छत्र, उरलेल्या मुळावर. मूळ काढले. पुढचा पावसाळा संपेपर्यंत तिथे रोप लावायचे नाही.